समुद्रावर रिकामा डुललेला पाळणा

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. ओकच्या लाकडाचा आहे, जड आहे, आणि डाव्या अंगाने किडलेला आहे. मला दोऱ्या नाहीत. पोटाखाली दोन वाकवलेल्या फळ्या आहेत, त्यांच्यावर मी डुलतो. म्हणजे, कोणी डुलवले तर. सध्या माझ्यात एक तपकिरी कोंबडी अंडी घालते. ती स्वभावाने तुसडी आहे. तिची अंडी रोज सकाळी कोणीतरी उचलून नेते आणि ती रोज सकाळी तितकाच आकांत करते. तो ऐकला की मला माझी राजकन्या आठवते.

तिचे नाव मुरियल. स्कॉटलंडच्या राजाची ती धाकटी बहीण. तिची तीन लग्ने झाली, आणि एकाही लग्नाआधी तिला कोणी काही विचारले नाही.

टे नदीच्या काठी एका सुताराने मला घडवले. मुरियलचे पहिले लग्न ठरले होते आणि रुखवतात पाळणा हवा होता. सुताराने माझ्या उशाशी रोवन नावाच्या झाडाच्या लाकडाची एक पट्टी बसवली, कारण टेकडीखाली राहणाऱ्या पऱ्या तान्ही बाळे बदलून नेतात आणि रोवनला त्या भितात, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. रुखवत मांडले तेव्हा मुरियलने मला पाहिले आणि चटकन आपले कुत्र्याचे पिल्लू माझ्यात ठेवून मला झोके दिले. तिची दाई मार्सली धावत आली. "अगं पोरी, पहिलं कोण निजतं ते पाहतात म्हणे. आता कुत्री व्यायची आहेत का तुला?" मुरियल हसून लोटपोट झाली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिचे ते हसू मी पहिल्यांदा ऐकले, आणि तितके मोठे पुन्हा कधी ऐकले नाही.

नवरा होता गिल्ब्राइड. डोंगराच्या पायथ्याचा सरदार, वयाने तिच्या बापाच्या बरोबरीचा. माणूस वाईट नव्हता. बोलायचा कमी, शिकारीला जायचा फार, आणि घरी आला की ओले जोडे चुलीपाशी ठेवून घोरायचा. पहिली दोन बाळे माझ्यापर्यंत पोचलीच नाहीत. तिसरे पोचले. तो आल्पिन.

मित्रांनो, पाळण्याचे आयुष्य तसे फार थोडे असते. मूल चालू लागले की आपली गरज सरते. पण आल्पिन मला सोडायला तयार नव्हता. तो चालू लागला, पळू लागला, तरी झोपेची वेळ झाली की स्वतःच पाय उचलून माझ्यात चढायचा. दात येताना त्याने माझी कड चावून चावून खरबरीत करून टाकली. मुरियल पायाने मला डुलवायची आणि हाताने सूत कातायची. गुणगुणायची मात्र इतकी बेसूर, की मार्सली म्हणायची, "पोर झोपत नाही, ऐकवत नाही म्हणून डोळे मिटून घेतंय." त्या दिवसांत मला काही कमी नव्हते.

मग एका हिवाळ्यात नदी ओलांडताना गिल्ब्राइड गारठला, तापाने फणफणला आणि गेला. दुखवटा संपायच्या आत राजा आपल्या बहिणीच्या दारात घोड्यावरून उतरला. चुलीपाशी बसून त्याने बियर घेतली, हात शेकले, आणि विषय काढला.

"मुरी, बेटांवरचे लोक दर उन्हाळ्यात माझा किनारा जाळतात. त्यांचा सरदार टॉर्किल तुझ्याशी लग्न करायला तयार आहे. तू तिकडे नांदलीस की ते मेव्हण्याची गावं जाळणार नाहीत."

"आणि आल्पिन, दादा?"

राजाने गिल्ब्राइडच्या धाकट्या भावाकडे पाहिले. त्याचे नाव कॉर्मक. तो दाराशी उभा होता.

"वहिनी, आल्पिन या घराचा वारस आहे," कॉर्मक म्हणाला. "वारस का कधी आईबरोबर दुसऱ्याच्या घरी जातो? जमीन इथं, पोर इथं."

"तो दोन वर्षांचा आहे, भावजी. त्याला जमीन काय करायची?"

"मी आहे ना सांभाळायला."

"दादा, तू तरी सांग. मला बाकी काही नको. तू म्हणशील तिथे जाते, म्हणशील त्याच्याशी लग्न करते. फक्त हा माझ्याजवळ राहू दे."

राजाने पुन्हा हात शेकले. त्याला वाईट वाटत होते, मी खोटे सांगणार नाही. पण त्याने उत्तर दिले ते असे: "तू माहेराहून आणलेलं सगळं तुझं आहे. पेट्या, भांडी, पाळणा, सगळं घेऊन जा. त्याला कोणी हात लावणार नाही."

अशी ती वाटणी झाली. पाळणा तिचा, आणि पाळण्यातले पोर घराण्याचे. मी लाकूड आहे, मला न्यायनिवाड्यातले कळत नाही. तरी त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

निघायच्या सकाळी आल्पिनला घोड्याचे शिंगरू दाखवायला मागच्या अंगणात नेले होते. तो तिकडे खिदळत होता. मुरियल पुढच्या दाराने निघाली. मार्सलीने माझ्यात एक ओटची भाकरी आणि चीजचा वाटोळा गड्डा ठेवला आणि वर लोकरी कांबळे घट्ट खोचले. तुमच्याकडेही म्हातारी माणसे रिकाम्या पाळण्याला झोका देऊ देत नाहीत ना? आमच्याकडे त्याच्याही पुढे आहे. पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचा तर तो रिकामा न्यायचा नाही. काहीतरी खायचे आत हवेच. नाहीतर ज्या बाळाने तो रिकामा केला, ते बाळ जाते.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर टॉर्किलची नाव आली होती. नावाड्यांत मुर्डो नावाचा एक धिप्पाड गडी होता. वाऱ्याने असा दगा दिला की एका दिवसाचा प्रवास लांबत गेला, शिधा भिजला आणि संपला. मुरियल आणि मार्सली नावेच्या मागच्या टोकाला पोट धरून आडव्या पडल्या होत्या. मी पुढे दोरखंडांत बांधलेला होतो. मुर्डोने कांबळे उचकटले.

"ए, चीज आहे इथं."

"हात लावू नकोस," शेजारचा म्हणाला. "पाळण्यातलं आहे ते."

"मग पाळणा खाणार आहे का ते? आणि आपण मेलो तर वल्ही कोण मारणार, तुझी सासू?"

"अरे, रिकामा होईल तो."

"किनारा दिसला की एक दगड टाकू आत. पाळण्याला काय कळतंय."

त्या सगळ्यांनी भाकरी आणि चीज घासघासभर वाटून खाल्ले. मला त्यांचा राग आला नाही, भुकेली माणसे ती. पण दगड टाकायचे विसरले. त्यानंतर समुद्र खवळला, आणि लाटांनी मला झोके दिले. दोरखंडात अडकलेला मी डुलत राहिलो, पोटात काही नसताना, बेटाच्या धक्क्याला नाव लागेपर्यंत.

धक्क्यावर टॉर्किलची आई गुनहिल्ड सुनेच्या स्वागताला उभी होती. मार्सलीने कांबळे उचलले आणि माझ्या रिकाम्या तळावरून हात फिरवला.

"कुणी खाल्लं?"

"समुद्रालाच भूक लागली होती, आजी," मुर्डो म्हणाला. दोघेतिघे हसले. मुरियलचा चेहरा पाहून ते थांबले.

गुनहिल्डने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "सूनबाई, एक तर दुसऱ्याच्या घरचा पाळणा माझ्या दारात, आणि तोही रिकामा. हे धूड आधी घराबाहेर ठेवा." ती खाष्ट होती, पण त्या घटकेला मला ती घाबरलेली वाटली.

त्यानंतर किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक नावेबरोबर मुरियल निरोप पाठवायची. आल्पिन कसा आहे? जेवतो का? रोवनची फळं त्याला पचत नाहीत, सांगा. निरोप यायचा, बरा आहे. एवढाच. मग हिवाळा लागला, नावा थांबल्या. वसंतात पहिली नाव आली, तिच्यातून एक भटका साधू उतरला आणि त्याने सरळ चुलीपाशी येऊन टोपी काढली. टोपी काढली तेव्हाच मुरियलला समजले.

कॉर्मकने आल्पिनला डोंगरापलीकडच्या एका कुटुंबात वाढायला पाठवले होते. सरदारांची मुले अशी दुसऱ्या घरी वाढवतात, त्यात वावगे काही नाही. पण त्याने पाठवले ते भर बर्फात. आईविना हिरमुसलेले जेमतेम तीन वर्षांचे पोर, खोगिराला बांधून, घाट ओलांडून. तिकडे पोचल्यावर त्याला खोकला झाला आणि तो आठवडाभरही जगला नाही. आल्पिन गेला आणि कॉर्मक जमिनीचा मालक झाला. मी लाकूड आहे, मी कोणावर आळ घेत नाही.

आळ आला तो माझ्यावर. साऱ्या बेटाने एका तोंडाने सांगितले, पाळणा समुद्रावर रिकामा डुलला, म्हणून पोर गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, ते मी अनुभवले. राजाचे नाव कोणी घेतले नाही. बर्फाचे कोणी काढले नाही. मुर्डो तर रडत आला, मुरियलच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "बाईसाहेब, मी खाल्लं तुमचं पोर. माझे हात तोडा." त्या राकट माणसाने पुढे जन्मात चीजला हात लावला नाही. त्याची मला कीव येते. त्याने फक्त चीज खाल्ले होते.

मुरियल कुऱ्हाड घेऊन माझ्यापाशी आली. मी म्हटले, बरे झाले, संपेल एकदाचे. पण मार्सलीने तिचा हात धरला. "पोरी, पाळणा फोडला तर पुढचंही टिकत नाही."

"मार्सली, मीच तो घेऊन आले. मी मागे ठेवला असता, तर आल्पिन त्यात निजला असता."

"तुला घेऊन जा म्हणाले, म्हणून तू आणलास."

"मी नाही म्हणायला हवं होतं."

"कशाकशाला नाही म्हणणार होतीस तू?"

मुरियलने कुऱ्हाड टाकली. मला उचलून जळणाच्या खोलीत ढकलले. बेटावर झाडे नाहीत. दलदलीतली काळी माती कापून, वाळवून तीच चुलीत जाळतात. त्या ढेकळांच्या ढिगाआड मी पडलो. मित्रांनो, वापरून झिजणे वेगळे आणि अपशकुनी म्हणून कुजणे वेगळे. मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते, की पोरे पाळण्यामुळे मरत नाहीत. पण मी बोललो असतो तरी ऐकले कोणी असते? एवढा सोपा दोषी कोणाला नको असतो?

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली, राग्ना. तिला त्यांनी कणीक तिंबायच्या काथवटीत निजवले. मला ते भिंतीपलीकडून ऐकू यायचे. राग्ना वर्षाची झाली तेव्हा गुनहिल्डने रीतीप्रमाणे तिलाही दुसऱ्या घरी वाढायला पाठवायचे काढले. मुरियल काथवट मांडीवर घेऊन दार लावून बसली. जेवली नाही, उठली नाही. शेवटी टॉर्किलच म्हणाला, "राहू दे, आई. एक मुलगीच तर आहे." त्याच्याकडून तिला मिळालेले हे एकच सुख, पण ते पुष्कळ वर्षे पुरले.

राग्ना मला सापडली ती लपाछपी खेळताना. तिला माझा इतिहास कोणी सांगितला नव्हता. माझ्यात बसून तिने काठीची वल्ही केली आणि मला नाव बनवले. रोज कोणीकोणी तिच्या नावेत चढायचे, एक लंगडी मेंढी, कापडाची बाहुली, कधी नुसतीच ती. "चला, आईच्या गावाला चला, टे नदीवर चला," असे ती ओरडायची. मी पुन्हा डुललो. आठ वर्षांनी कोणाच्या तरी गुडघ्यांची ऊब मला मिळाली. मी हावरटासारखी ती घेतली.

पण मुरियलच्या नशिबात सरळ रस्ता नव्हता. टॉर्किल मासेमारीच्या भांडणात मारला गेला. त्याचा भाऊ गादीवर आला, आणि त्याला परक्या राजाची बहीण घरात नको होती. राजा स्वतः आला नाही, त्याचा माणूस आला. या वेळी त्याने दोन लग्ने आणली होती. मुरियलला नॉर्वेचा एक विधुर सरदार ठरवला होता. राग्नाला किनाऱ्यावरच्या एका सरदाराचा मुलगा. लग्न मोठेपणी लागणार, पण नवरी आतापासून सासूच्या हाताखाली वाढणार, अशी रीत.

मुरियल या वेळी रडली नाही. ती त्या माणसाला म्हणाली, "दादाला सांगा, मी नॉर्वेला जाते. पृथ्वीच्या टोकाला पाठवा, जाते. मुलगी मोठी होईपर्यंत माझ्याबरोबर राहू दे. मग मी स्वतः तिला आणून सोडते."

"बाईसाहेब, वचन दिलंय त्यांना. नाव उद्या येतेय."

"तिला अजून वेणी घालता येत नाही."

"तिची सासू घालेल."

नाव आली त्या सकाळी राग्ना कोणाला सापडेना. ती माझ्यात होती, अंगावर गोणपाट ओढून. मला तिचे काळीज धडधडताना कळत होते. बाहेर माणसे हाका मारत होती. दार उघडले आणि मुरियल आत आली. माझ्या पुढ्यात ती थबकली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे पाहिले नव्हते.

"आई, मी इथं आहे असं सांगू नकोस."

"नाही सांगत."

"ते गेले की मी बाहेर येईन."

"हो."

बाहेरून राजाच्या माणसाने विचारले, "बाईसाहेब, आहे का आत?"

"नाही," मुरियल म्हणाली.

मग ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. त्या बेटावरून पळायला वाट नव्हती. नावा सगळ्या त्यांच्या होत्या आणि धक्क्यावर माणसे उभी होती. तासाभरात त्यांनी जळणाचा ढीग उपसला असता, आणि पोरीला हातापायांना धरून ओढत नेले असते. मुरियलने गोणपाट नीट केले. राग्नाचे गुडघे माझ्या कडेवरून बाहेर येत होते, ते तिने आपल्या शालीखाली घेतले. आणि पाय माझ्या फळीवर ठेवून ती मला डुलवू लागली. ती गुणगुणत होती, तशीच बेसूर.

"आई, तू जाणार नाहीस ना?"

"झोप तू."

"मी झोपले तर तू इथंच बसशील?"

"झोप, माझे बाई. रात्रभर जागी होतीस."

मित्रांनो, मी थांबायला हवे होते. एखादी फळी करकरली असती, एखादा खिळा निखळला असता, तर ती दचकून जागी राहिली असती. पण सुताराने मला पक्के घडवले होते. मी हळू डुललो, एकसारखा डुललो, आणि भीतीने रात्रभर जागलेले ते पोर माझ्या कुशीत निवांत झोपले. मुरियलने तिला अलगद उचलले. दार तिने स्वतःच्या पायाने उघडले आणि झोपलेल्या मुलीला स्वतःच्या हातांनी नावेत नेऊन ठेवले, कोणाला तिला ओढावे लागू नये म्हणून. राजाचा माणूस म्हणाला, "शहाणी आहात, बाईसाहेब." मुरियल धक्क्यावर उभी राहिली.

नाव खाडीच्या तोंडाशी पोचली तेव्हा राग्ना जागी झाली. ते मला जळणाच्या खोलीत ऐकू आले. साऱ्या बेटाला ऐकू आले.

आठवड्याने मुरियल नॉर्वेला गेली. सामान बांधताना मार्सलीने विचारले, "पाळण्याचं काय करायचं, पोरी?" ती म्हणाली, "राहू दे." त्यानंतर तिची काही खबर आली नाही. नवऱ्याघरी ती जगली की मेली, सुखी होती की नव्हती, मला ठाऊक नाही. राग्नाचीही नाही. मार्सली वारली, गुनहिल्ड वारली, मुर्डो वारला. मी कोंबडीकडे आलो.

आता या ठिकाणी मी तुम्हाला म्हणायला हवे, की जुन्या वस्तूंची निगा राखा, मला पुसा, तेल लावा, माझी कीड काढा. मी तसे म्हणणार नाही. लाकूड कुजले तर कुजू द्या, थंडीत जाळलेत तरी चालेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरी एखादे लहान मूल तुमच्या भरवशावर डोळे मिटेल. ते उठेल, तेव्हा तुम्ही तिथेच असा.